नानांना वासाच्या परीक्षेत १२ पैकी ४. नाक नापास की प्रश्नपत्रिका चुकीची?

मळ्यातली | ९ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. मी नाशिकला इंदिरानगरात राहते, माहेर निफाड तालुक्यातलं. वडील, म्हणजे आमचे नाना, वय ६८. घरी द्राक्षं आणि कांदा, दोन्ही. आठ महिन्यांपूर्वी नानांना पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं. त्याआधी दीड वर्ष आम्ही उजव्या खांद्याच्याच मागे होतो. खांदा आखडलाय म्हणून शेकून झालं, मालिश झालं, सुई मारून झाली. शेवटी बँकेने पैसे काढायची स्लिप परत केली, सही जुळत नाही म्हणून. बघितलं तर सही मुंगीएवढी झालेली. मग कुठे न्यूरॉलॉजिस्ट गाठला.

गेल्या आठवड्यात पुण्याला दुसरं मत घ्यायला गेलो होतो. तिथे एका मुलीने नानांसमोर स्केचपेनासारखी १२ पेनं मांडली. टोपण काढायचं, पेन नाकापुढे तीन-चार सेकंद धरायचं आणि चार पर्याय वाचून दाखवायचे. 'माहीत नाही' चालत नाही, एक काहीतरी निवडायचंच. दोन पेनांमध्ये अर्धा मिनिट नुसतं बसायचं. नानांना १२ पैकी ४.

बाहेर आल्यावर नाना जे सुरू झाले ते सिन्नर येईपर्यंत थांबले नाहीत. "चामड्याचा वास म्हणे. चप्पल म्हणायचं ना सरळ!" "जेष्ठमध काय हुंगायची चीज आहे का? ते घसा बसला की चघळायचं." सगळ्यात जास्त राग माशाचा. नाना माळकरी आहेत. "माळकऱ्याला मासा ओळखायला लावायचा आणि वर नापास करायचं, हा कुठला न्याय?"

आणि खरं सांगू, मलाही त्यांचं पटलं. इथे कोणाच्या घरी ही टेस्ट झालीय का? तिला कितपत धरायचं?

चिवडामिसळ | ९ जून, रात्री ११:०५

१२ पैकी ४ म्हणजे ३३ टक्के. ३५ ला पास. नानांना ग्रेस मार्क द्या राव.

काननाकघसा | १० जून, सकाळी ७:१५

मी इथेच नाक-कान-घशाची प्रॅक्टिस करतो. तुमच्या नानांना तपासलेलं नाही, तेव्हा हे सल्ला म्हणून घेऊ नका, माहिती म्हणून घ्या.

नानांची तक्रार अर्धी खरी आहे. ही पेनं जर्मनीत तयार झाली, १९९७ च्या सुमारास, हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. नाव 'स्निफिन स्टिक्स'. त्याआधीची प्रसिद्ध परीक्षा अमेरिकेतली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रिचर्ड डोटी यांची, १९८४ ची. ती पुस्तिकेच्या रूपात असते. ४० पानं, प्रत्येक पानावर एक पट्टी, पेन्सिलीने खरवडली की वास सुटतो. त्यात रूट बिअर, चेडर चीज, जिंजरब्रेड असले वास आहेत. विंटरग्रीनही आहे. हा वास आपल्याकडे सांधेदुखीच्या मलमामुळे घरोघरी माहीत आहे, पण विंटरग्रीन या नावाने कोण ओळखणार? वास येणं वेगळं आणि त्याचं नाव सांगता येणं वेगळं. म्हणूनच देशोदेशी या परीक्षा स्थानिक वासांवर बेतून घ्याव्या लागल्या. आपल्याकडेही १० ओळखीच्या वासांची भारतीय आवृत्ती करून पार्किन्सन्सच्या रुग्णांवर वापरली गेली आहे.

आता उरलेली अर्धी बाजू. चार पर्यायांतून डोळे झाकून बोट ठेवलं तरी १२ पैकी सरासरी ३ बरोबर येतात. नानांचे ४ आहेत. मासा, चामडं आणि जेष्ठमध आपण प्रश्नपत्रिकेतून काढून टाकू. तरी ९ उरतात. संत्रं, दालचिनी, पुदिना, केळं, लिंबू, कॉफी, लवंग, अननस, गुलाब. यातलं नानांच्या नाकाला परकं काय आहे? त्यांचे बरोबर आलेले चार कोणते होते, आठवतं का?

मळ्यातली | १० जून, दुपारी १:३०

डबा खाताना लिहितेय. कागद फोनमध्ये आहे. बरोबर आलेले : पुदिना, लवंग, संत्रं, केळं. कॉफीला त्यांनी 'धूर' म्हटलं होतं. गुलाबाला काय म्हणाले ते लिहिलेलं नाही.

काननाकघसा | १० जून, दुपारी ३:५०

ओपीडी संपली. पुदिना गार लागतो. लवंग किंचित चटका देते. या दोन्ही संवेदना वासाच्या नसेतून येत नाहीत, त्या चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेतून येतात. डोळ्यांत, नाकात, तोंडात जे झोंबतं, गार लागतं, चुरचुरतं ते सगळं हिच्यामार्फत. विक्स, कापूर, अमोनिया, चुना-नवसागर. त्यामुळे "मला विक्सचा वास मस्त येतो" याला तपासणीत काडीची किंमत नाही. वासाची नस पूर्ण गेलेल्या माणसालाही विक्स कळतो.

कांद्याचंही तेच. चिरताना डोळ्यांत पाणी येतं ते झोंबल्यामुळे, वासामुळे नव्हे. कांद्याच्या शेतकऱ्याला म्हणूनच वाटत राहतं की आपलं नाक शाबूत आहे.

पुदिना-लवंग बाजूला ठेवले तर ७ पैकी २. अंदाजपंचे तेवढेच येतात.

मळ्यातली | १० जून, रात्री ११:२०

डॉक्टर, तुमचं वाचून आईला फोन केला. म्हटलं, नानांना वास येत नाही असं कधी वाटलं होतं का? ती आधी नाही म्हणाली. पाच मिनिटांनी तिचाच परत फोन आला.

आमच्याकडे उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरतात. भाव बघून दिवाळीपर्यंत थोडा थोडा काढायचा. पावसाळी हवा सुटली की सड लागते, आणि एक कांदा सडला की शेजारचे दहा घेऊन जातो. मी लहान असताना नाना रोज पहाटे चाळीच्या बाजूने नुसते चालत जायचे. हात मागे बांधलेले, पाय अनवाणी. मध्येच थांबायचे. "हितं." तेवढंच. गडी त्या जागच्या फळ्या काढायचा आणि हातभर आत एक काळपट, पाणी सुटलेला कांदा निघायचा. हे मी स्वतः पाहिलंय. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. नानांचं नाक आहेच तसं, एवढंच.

आईने आठवण करून दिली ती चार वर्षांपूर्वीच्या आषाढाची. एक अख्खा कप्पा गेला होता. खालून पाणी गळायला लागलं, चिलटं घोंघावायला लागली तेव्हा कळलं. आई म्हणते, मला ओट्यावरून घाण येत होती, मी दोनदा बोलले, पण हे म्हणाले तुला भास होतोय. नंतर भावाने विचारलं तर नाना म्हणाले, "यंदा सडीला वासच नव्हता." आम्ही सगळे हसलो होतो.

तेव्हा हात थरथरत नव्हता. खांदाही ठीक होता.

सातपूरकर | ११ जून, सकाळी ६:०५

मी स्वतः पेशंट. सहा वर्षं झाली. बोटं साथ देत नाहीत म्हणून बोलून टाइप करतो, चुका पोटात घाला.

ताई तुमची चाळीची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. माझं असंच. कंपनीत शॉपवर होतो, कूलंट नासलं की त्याचा एक घाण वास येतो, आंबल्यासारखा. हेल्पर पोरं नाक धरायची आणि मी तिथेच डबा खायचो. लोक म्हणायचे साहेब कडक माणूस. मलाही तसंच वाटायचं. घरी बायकोशी रोज भांडण, भाजीला चव नाही म्हणून. ती बिचारी मीठ-मसाला वाढवत गेली. त्यात तिचं बीपी वाढलं. हे सगळं निदानाच्या सहा-सात वर्षं आधीचं.

वास गेला हे मला कळलंच नव्हतं. दिसायचं कमी झालं तर माणूस खांबाला धडकतो. वासाचं तसं काहीच होत नाही.

काननाकघसा | ११ जून, दुपारी ४:१०

सातपूरकर साहेब, शंभर टक्के. पार्किन्सन्सच्या बहुसंख्य रुग्णांत, काही अभ्यासांत दहापैकी नऊ जणांत, वासाची जाण कमी झालेली सापडते. त्यातल्या बऱ्याच जणांना विचारलं तर "माझं नाक ठीक आहे" असंच सांगतात. पेन किंवा पट्टी घेऊन बसावं लागतं ते यासाठीच.

आधी नाकच का जातं? जर्मन शास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी २००३ मध्ये मेंदूंच्या तपासणीवरून एक मांडणी केली. अल्फा-सायन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या सगळीकडे एकदम होत नाहीत. अगदी सुरुवातीला त्या दोन ठिकाणी दिसतात. एक नाकाच्या वर, कवटीच्या तळाशी असलेला वासाचा कंद, ऑलफॅक्टरी बल्ब. दुसरं मेंदूच्या देठात, जिथून व्हेगस नस पोटाकडे जाते तिथे. हालचाल सांभाळणारा भाग त्यानंतर. प्रत्येक रुग्ण या क्रमाने जातोच असं नाही, पण वास, बद्धकोष्ठ आणि झोपेत हातपाय झाडणं ही लक्षणं कंपाच्या कितीतरी आधी का येतात याचा अर्थ त्यातून लागतो.

अजून एक. हालचालीवर लेवोडोपाने, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाने, फरक पडतो, वासावर पडत नाही. गोळ्या सुरू झाल्या की नाक परत येईल या आशेवर राहू नका.

त्रिंबकरोड | ११ जून, रात्री ९:३०

उगाच पाण्यात दगड टाकतो. आजार थांबवणारं औषध आजच्या घडीला नाही. नाक परत येत नाही. नानांचं निदान आधीच झालंय. मग ६८ वर्षांच्या माणसाला पुण्याला नेऊन चामडं हुंगायला लावून नक्की काय मिळालं? पैसे किती घेतले हे विचारत नाही.

मळ्यातली | ११ जून, रात्री ९:४१

हेच नाना विचारतात. शब्द जरा वेगळे असतात.

काननाकघसा | १२ जून, सकाळी ७:२०

प्रश्न रास्त आहे. दुसरं मत घ्यायला गेले होते ना? तिथेच त्याचा उपयोग. थरथर आणि संथपणा म्हटलं की तो पार्किन्सन्सच असतो असं नाही. एक असतो इसेन्शिअल ट्रेमर, आपण 'हात कापतो' म्हणतो तो. त्यात वास सहसा टिकून असतो. दुसरा औषधांमुळे होणारा. आपल्याकडे चक्करेसाठी सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, पित्तावर लेवोसल्पिराइड असलेल्या कॅप्सूल महिनोन्महिने घेणारे लोक मी रोज बघतो. कोणीतरी दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली असते आणि मेडिकलवाला दोन वर्षं देत राहतो. यातून हुबेहूब पार्किन्सन्ससारखं चित्र उभं राहू शकतं, आणि औषध बंद केल्यावर बहुतेकांत ते ओसरतं. अशा रुग्णांत वास बहुधा शाबूत असतो. म्हणून २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांमध्ये वास जाणं हा निदानाला दुजोरा देणारा मुद्दा धरलाय. दुजोरा म्हणजे दुजोरा. एकट्या वासावरून निदान कोणी करत नाही.

आणि कोणाच्या घरी वर सांगितलेल्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

धास्तावलेला | १२ जून, दुपारी १२:१५

मी ३९ वर्षांचा, देवळाली कॅम्प. कोव्हिडपासून वास निम्माच येतो. हा धागा वाचून रात्रभर झोप नाही. बाथरूमच्या आरशासमोर उभा राहून हात कापतो का बघतोय. डॉक्टर, मलाही होणार का?

चिवडामिसळ | १२ जून, दुपारी १२:२०

भाऊ आधी आरसा सोड. रात्रभर जागलं की माझाही हात कापतो.

काननाकघसा | १२ जून, दुपारी ४:३०

धास्तावलेला, हे नीट वाचा. वास कमी होण्याची कारणं ढीगभर आहेत. सर्दी, सायनस, नाकातले मस्से, डोक्याला मार, तंबाखू, कोव्हिड, आणि नुसतं वय. डोटींच्याच १९८४ च्या पाहणीत ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून जास्त लोकांची वासाची जाण कमी झालेली दिसली होती. ते सगळे पार्किन्सन्सचे रुग्ण नव्हते.

दुसरा आकडा होनोलुलूचा. तिथे जपानी वंशाच्या २२६७ वयस्कर पुरुषांची वासाची परीक्षा घेऊन त्यांच्यावर पुढे काही वर्षं लक्ष ठेवलं. २००८ मध्ये निष्कर्ष आले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या चौथाई गटात पुढच्या चार वर्षांत पार्किन्सन्सचं प्रमाण वरच्या गटांच्या सुमारे पाचपट निघालं. वर्तमानपत्रवाले इथेच थांबतात. पण एकूण किती जणांना झाला? २२६७ पैकी ३५. म्हणजे खालच्या गटातल्याही बहुतेकांना काहीच झालं नाही.

तुमचं कारण तुम्हाला माहीत आहे, कोव्हिड. एकदा नाक दाखवून या आणि झोपा.

वैद्यकन्या | १२ जून, संध्याकाळी ७:००

कवचबीजाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? आपली खाजकुयली. तिच्या बियांमध्ये नैसर्गिक लेवोडोपा असतो, हे आधुनिक शास्त्रानेही मान्य केलंय. आमच्याकडे बिया दुधात शिजवून, साल काढून चूर्ण करतात.

सातपूरकर | १३ जून, सकाळी ६:१०

ताई खरं आहे, असतो. म्हणूनच भीती. मी एकाच्या सांगण्यावरून चालू गोळीवर हे चूर्ण घेतलं होतं, कोणाला न सांगता. लेवोडोपा दुप्पट झाला. मान आणि हात नुसते वळवळायला लागले, उलट्या झाल्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. चूर्णाच्या डबीत किती माल आहे कोणालाच माहीत नसतं. घ्यायचं तर न्यूरॉलॉजिस्ट आणि वैद्य दोघांना एकमेकांचं औषध माहीत पाहिजे.

उपनगरची_सून | १३ जून, सकाळी ११:४५

चर्चा फार वर चाललीय, मी जरा स्वयंपाकघरात आणते.

माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन्स. मागच्या हिवाळ्यात मी देवळात गेले होते, सासूबाई झोपलेल्या. सासऱ्यांनी चहा ठेवला, तो उतू गेला, बर्नर विझला. हे तिथेच पाटावर पेपर वाचत बसलेले. मी दार उघडलं तर गॅसचा भपकारा. ते म्हणतात, "आलीस? चहा अजून होत का नाही बघ गं." देवाची कृपा, कोणी लायटर उडवला नाही.

घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम तो घाणेरडा वास, मरकॅप्टन, मिसळतात. म्हणजे ती सगळी व्यवस्था नाकाच्या भरवशावर. नाक गेलेल्याच्या घरात ती नसल्यात जमा. आम्ही अलार्म बसवला. बसवणारा वर छताजवळ लावत होता, माझ्या दिरांनी थांबवलं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून अलार्म खाली, फरशीपासून वीतभर उंचीवर. ज्यांच्याकडे आता पाइपचा गॅस आलाय त्यांनी उलट करायचं. तो हलका, वर जातो, तिथे अलार्म वर. सिलिंडरच्या गळतीसाठी फोन नंबर १९०६, फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवा.

शिवाय फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख. आमच्याकडे आंबलेलं वरण दोनदा पोटात गेलंय.

मळ्यातली | १३ जून, दुपारी २:००

ताई, हे वाचून हात-पाय गार पडले. आई पहाटे गोठ्यात असते तेव्हा नाना स्वतःच चहा करून घेतात. भावाला आत्ताच फोन केला. आज पिंपळगावला जाणारच आहे, अलार्म घेऊन येतो म्हणाला.

त्रिंबकरोड | १३ जून, दुपारी २:३०

बरं, माझा 'काय मिळालं' परत घेतो. अलार्म मिळाला.

पण एक विचारू? द्राक्षाची बाग म्हणजे फवारणी. त्यातून झालं असेल का?

काननाकघसा | १३ जून, रात्री १०:००

पॅराक्वाट, रोटेनोन यांसारख्या रसायनांशी वर्षानुवर्षं संबंध आलेल्यांत पार्किन्सन्सचा धोका वाढलेला अनेक अभ्यासांत दिसलाय. पण एका माणसाकडे बोट दाखवून "याला त्यामुळेच" असं म्हणता येत नाही. बाग न बघितलेल्यांनाही होतो. मुलगा आता फवारत असेल तर मास्क आणि हातमोजे घालायला लावा, ते कुठल्याही कारणासाठी चांगलंच.

मळ्यातली, तुम्हाला एक गृहपाठ देतो. नानांचा राग 'नाव ओळखा' या भागावर आहे. जर्मन पेनांच्या पूर्ण संचात अजून दोन भाग असतात. एकात वास पातळ करत करत १६ पायऱ्यांपर्यंत नेतात आणि कुठल्या पायरीला नाकाला चाहूल लागते ते बघतात. दुसऱ्यात तीन पेनं देतात, दोन सारखी, एक वेगळं. वेगळं कुठलं एवढंच सांगायचं. तिन्ही भागांचे १६-१६, एकूण ४८ गुण. 'वेगळं ओळखा'मध्ये नाव लागत नाही, पर्याय लागत नाहीत, माळ घातली काय न घातली काय. ते घरी करून बघा. निदान म्हणून नाही, नानांची समजूत पटावी म्हणून. अख्खे जिन्नस घ्या, पूड नको, नाकात उडते. झोंबणारं काही नको : लवंग, मिरी, ओवा, कापूर, पुदिना बाद. आधी पंधरा मिनिटं पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. सर्दी असेल तर पुढे ढकला.

मळ्यातली | २२ जून, रात्री ९:५०

उशीर झाला, शाळा सुरू झाल्या. काल रविवारी निफाडला जाऊन परीक्षा घेतली. उमेदवार चार : नाना, आई, मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा.

पहिला प्रयोग फसला. नानांच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं आणि आईच्या मांडणीवरून एकेक डबा आणून उघडत गेले. नाना धडाधड बरोबर! कॉफी, चहा, वेलदोडे, धणे. १२ पैकी ८. माझा आनंद गगनात मावेना. मुलगा म्हणाला, "आई, नाना चीटिंग करतात." नाना उपरण्याखाली हसत होते. कॉफीचा डबा म्हणे दोनदा आपटल्याशिवाय उघडत नाही. वेलदोड्याची डबी पितळेची, तिचा आवाजच वेगळा. धण्याचा डबा वरच्या फळीवरचा, मी स्टूल ओढला ते ऐकू आलं. चाळीस वर्षं त्याच घरात राहतो मी, म्हणाले.

मग सारख्या बारा बाटल्या घेतल्या, औषधांच्या, उकळून वाळवलेल्या. वर मलमलचा तुकडा. त्यात एक बुक्काही ठेवला, पुरचुंडी बांधून. नानांचा रोजचा. आता निकाल : आई ११, मी १०, मुलगा ७, नाना ५.

मुलगा ७! नाना लगेच उखडले. "बघ, पोराला पण येत नाही. मग त्यालाही पार्किन्सन्स का?" बरोबरच होतं त्यांचं. पोराला जायफळ, बडीशेप, चंदन, वाळा काहीच नावाने माहीत नाही. वाळ्याला तो म्हणाला, "कूलरचा वास." मला वाटलं, संपलं. नानांनी खटला जिंकला.

मग 'वेगळं ओळखा'. तीन बाटल्या, दोघींत धणे, एकीत बडीशेप. अशा सहा फेऱ्या. मुलगा सहाच्या सहा. नाव एकाचंही सांगता आलं नाही, पण "ही वेगळी" म्हणताना क्षणाचाही विचार नाही. आई ६, मी ६.

नाना २.

तिसऱ्या फेरीपर्यंत बोलत होते. चौथ्या फेरीत दोन बाटल्यांत चहा होता आणि एकीत बुक्का. त्यांनी तिन्ही हुंगल्या, परत हुंगल्या. मग बाटल्या हातात घेऊन नुसत्या वजन केल्यासारख्या हलवल्या, आवाज ऐकला आणि म्हणाले, "हिच्यात पूड आहे. बुक्का असंल." उत्तर बरोबर. मी दोनात धरलंय ते. पण मग त्यांनी उपरणं सोडलं, पुरचुंडी काढून बोटाने बुक्का कपाळाला लावला आणि तेच बोट नाकाशी धरून बराच वेळ बसले. आई उठून आत गेली. मुलाने विचारलं, "नाना, येतो का?" ते म्हणाले, "येत नाही रे."

पहिल्यांदाच म्हणाले.

काननाकघसा | २३ जून, सकाळी ७:१०

चांगली परीक्षा घेतलीत. तीनातून एक निवडायचं असेल तर सहा फेऱ्यांत अंदाजाने २ येतात. त्यातलाही एक त्यांनी कानाने मिळवलाय.

दोन गोष्टी सांगतो. एक, तरीही एकदा नाक आतून बघून घ्या. पडदा वाकडा असेल, मस्से असतील तर ते वेगळं दुखणं, आणि त्यावर इलाज आहे. दोन, वासाची तालीम. हुमेल यांनीच २००९ मध्ये मांडलेली पद्धत. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वास काही सेकंद, लक्ष देऊन घ्यायचा, निदान १२ आठवडे. पार्किन्सन्सच्या रुग्णांवरही २०१३ मध्ये करून पाहिली, काहींच्या गुणांत थोडी सुधारणा झाली. आजार त्याने थांबत नाही. पण खर्च नाही, अपाय नाही.

धास्तावलेला, तुम्हीही सुरू करा.

धास्तावलेला | २३ जून, सकाळी ९:००

केली सुरू. आरसा सोडलाय.

सातपूरकर | २३ जून, संध्याकाळी ६:३०

नानांना माझा नमस्कार सांगा. म्हणावं पुण्याला पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, त्यांचं लिखाण मराठीत आहे, वाचा. जेवणाबद्दल एक युक्ती. वास गेला तरी जीभ गेलेली नसते. आंबट, तिखट, कुरकुरीत असं ताटात ठेवा. मी रोज भाजलेला पापड आणि लिंबाची फोड घेतो. बायकोशी भांडण बंद झालं.

चिवडामिसळ | ११ जुलै, रात्री ८:१५

धागा वर काढतोय. मळ्यातली ताई, नाना कसे आहेत? आणि चाळीचं काय? इकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

मळ्यातली | १२ जुलै, दुपारी ३:४०

नाना बरे आहेत. तालीम चालू आहे, पण गुलाबाऐवजी बुक्का. डॉक्टर रागावू नका. परवा भावाने कोपऱ्यात हिट मारलं आणि अलार्म कोकलायला लागला. नाना म्हणाले, "माझ्यापेक्षा याचं नाक तिखट."

चाळीचं म्हणाल तर काल शाळेला सुट्टी होती म्हणून मुलाला घेऊन गेले होते. पहाटे उठून बघते तर दोघं चाळीच्या बाजूने चाललेत. नाना पुढे, पावलं बारीक, उजवा हात हलत नाही. पोरगं मागे, नाक वर करून. मध्येच ते थांबलं. नानांनी विचारलं, "हितं?" ते म्हणालं, "नाही, अजून जरा पुढे." दोन फळ्या काढल्या. चार कांदे निघाले.

चिवडामिसळ | १२ जुलै, दुपारी ४:०५

पोराची मजुरी ठरवून घ्या आत्ताच. भाव काय आहे लासलगावला?